रकान्यात न मावणारी माणसे

जळगाव आणि भुसावळ यांच्या मध्ये भादली नावाचे लहानसे रेल्वे स्टेशन लागते. या भादली बुद्रुक गावची ग्रामपंचायत निवडणूक २०२१ साली साऱ्या महाराष्ट्रात चर्चेचा विषय झाली. गावातील अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने सर्वसाधारण महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला होता. छाननीत तो बाद झाला. मतदार यादीतील नोंद तृतीयपंथी अशी आणि जागा महिलांची, तेव्हा हा अर्ज कोणत्या रकान्यात बसवावा हे अधिकाऱ्यांना उमगले नाही. अंजली पाटील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना महिला म्हणून निवडणूक लढविण्याची परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा कायदा यांचा आधार घेतला गेला. माणूस स्वतःला जे मानतो त्या ओळखीला त्या वेळी कायद्याची मान्यता होती. मात्र पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणून हक्क सांगणार नाही, अशी हमीही न्यायालयाने नोंदवून घेतली. १५ जानेवारीला मतदान झाले आणि अंजली पाटील निवडून आल्या.

आरोग्याच्या सदरात निवडणुकीची बातमी कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, जो पेच त्या अधिकाऱ्यांपुढे पडला तोच पेच बाळंतपण करणाऱ्या परिचारिकेपुढे, शाळेच्या हेडमास्तरांपुढे आणि कित्येक आईबापांपुढे रोज कुठे ना कुठे पडत असतो. जन्माच्या दाखल्यावर 'स्त्री' की 'पुरुष' लिहायचे आणि मग त्या एका शब्दावरून त्या जिवाचे कपडे, खेळ, चालणे-बोलणे, लग्न सारे ठरवून टाकायचे, अशी आपली रीत आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती चालून जाते. ज्यांच्या बाबतीत चालत नाही त्यांची फरफट होते. त्यांना मांत्रिकाकडे नेतात, मारतात, घाईने लग्न लावून देतात. यातून काही जण घर सोडतात, तर काही जण जग सोडतात.

या विषयात गोंधळ होतो त्याचे मुख्य कारण एकच. तीन वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो. शरीराची घडण कोणती, ही पहिली गोष्ट. मन स्वतःला बाई समजते की बुवा, ही दुसरी. आणि प्रेमाची, शरीरसंबंधाची ओढ कोणाकडे, ही तिसरी. या तिन्ही बहुधा एका वळणाने जातात, पण जातीलच असा निसर्गाचा करार नाही. 'बायल्या', 'हिजडा', 'नपुंसक' हे शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि शिवी म्हणून फेकले जातात. डॉक्टरच्या दृष्टीने ते तीन अगदी निराळे प्रश्न आहेत. नपुंसकत्व म्हणजे तर निव्वळ लैंगिक दुर्बलता. मधुमेहाच्या रुग्णालाही ती येते आणि या विषयाशी तिचा काही संबंध नाही.

शरीर कसे घडते?

शरीराची गोष्ट जरा सविस्तर घेऊ. गर्भ राहिल्यानंतर पहिले सुमारे सहा आठवडे मुलगा आणि मुलगी यांच्या घडणीत काही फरक नसतो. पोटात एकच ग्रंथी असते, तिच्यापासून पुढे वृषणही होऊ शकतात आणि बीजांडकोशही. दोन प्रकारच्या नळ्या असतात. एक जोडी पुरुषाच्या अंतर्गत अवयवांची, दुसरी गर्भाशयाची. बाहेरचा अवयवही एकच उंचवटा असतो. पुढे त्याचेच शिश्न होते किंवा शिश्निका होते, बाजूच्या घड्यांचा अंडकोश होतो किंवा योनीचे ओठ होतात. म्हणजे प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक स्त्री एकाच साच्यातून निघते.

मग फरक पडतो कसा? आईकडून एक्स गुणसूत्र येते आणि बापाकडून एक्स किंवा वाय. वाय गुणसूत्रावर एक छोटेसे जनुक असते. ते १९९० साली शास्त्रज्ञांना सापडले. सातव्या आठवड्याच्या सुमारास हे जनुक जागे झाले की त्या ग्रंथीचे वृषण बनू लागतात. वृषणातून दोन संप्रेरके म्हणजे हार्मोन्स पाझरतात. एकामुळे गर्भाशयाची नळी विरून जाते, दुसऱ्यामुळे पुरुषी अवयव वाढतात. हे दुसरे संप्रेरक बाहेरच्या अवयवांपर्यंत पोचल्यावर आणखी एका विकराच्या साहाय्याने अधिक प्रभावी रूपात बदलते. शिवाय पेशींनी ते ओळखायला हवे. इतक्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर निसर्ग थोडा निराळा वळू शकतो.

आपल्या शहादा-शिरपूरकडच्या पपई उत्पादकाला यात नवल वाटणार नाही. पपईत नर झाड असते, मादी झाड असते आणि दोन्ही अवयव एकाच फुलात असणारे उभयलिंगी झाडही असते. बाजारात ज्या लांबट फळाला भाव मिळतो ते या उभयलिंगी झाडाचेच. केळीच्या घडात आधी मादी फुले येतात, त्यांच्या फण्या होतात आणि टोकाच्या केळफुलात नर फुले असतात. माणूस म्हणजे पपई नव्हे, हे कबूल. पण निसर्गाने सर्वत्र दोनच खण पाडून ठेवले आहेत हा समज शेतावर तरी टिकत नाही.

माणसात हे कसे दिसते ते पाहा. काही मुलींत दोनऐवजी एकच एक्स गुणसूत्र असते. सुमारे २००० ते २५०० मुलींत एक असे हे प्रमाण आहे. उंची कमी राहते आणि पाळी आपोआप सुरू होत नाही. काही मुलांत एक एक्स जास्त असते. दर ५०० ते १००० मुलग्यांमागे एक. हा मुलगा उंच होतो, दाढी विरळ येते आणि बहुधा लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी होते तेव्हाच हे कळते. तोवर घरात सुनेच्या नावाने बोटे मोडून झालेली असतात.

काही जणींची गुणसूत्रे एक्स-वाय, म्हणजे पुरुषाची, पोटात वृषण, पण शरीराच्या पेशी पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाहीत. अशी मुलगी दिसायला, वाढायला पूर्णपणे मुलगी असते. छाती भरते, आवाज बाईचा असतो, मनानेही ती बहुधा मुलगीच असते. फक्त पाळी येत नाही, कारण गर्भाशयच नाही. लहानपणी दोन्ही जांघांत हर्नियाची गाठ आली असेल तर तेथे वृषण असू शकतात. आणखी काही मुलींत बीजांडकोश उत्तम असतात, पण गर्भाशयाची वाढच झालेली नसते. हे साधारण ५००० मुलींत एकीच्या बाबतीत घडते.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. पंधरा वर्षे पुरी झाली तरी पाळी आली नाही, तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दाखवावे. 'लग्न झाले की येईल' असे जाणती माणसेसुद्धा सांगतात. ते चूक आहे. लग्न लावून दिल्यावर वर्षा-दोन वर्षांत ती पोर वांझ म्हणून माहेरी परत येते आणि सोनोग्राफी तेव्हा होते. तीच सोनोग्राफी आधी केली असती तर मुलीला स्वतःचे शरीर कळले असते आणि लग्न करायचे की नाही, कोणाशी आणि काय सांगून, हे तिने ठरवले असते.

दुसरी गोष्ट नवजात बाळाची. अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी, जन्मतः बिघडलेल्या असतील तर मुलीच्या गर्भातच पुरुषी संप्रेरक जास्त तयार होते आणि तिची शिश्निका इतकी वाढते की सुईण मुलगा झाला म्हणून सांगते. दहा ते पंधरा हजार बाळांत एखादे असे असते. हा रोग मुलग्यांनाही होतो, पण त्यांच्या अवयवांवरून तो ओळखू येत नाही. लिंग ओळखण्यातील चूक नंतर सुधारता येते. धोका दुसराच आहे. या बाळांच्या शरीरातून मीठ वाहून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासे होते, ओकाऱ्या होतात, मलूल पडते आणि उपचार न झाल्यास दगावते. हगवणीचे किंवा दृष्ट लागल्याचे निमित्त होते. वेळीच ओळखल्यास रोजची स्वस्त गोळी आणि मीठ यांवर हे मूल चांगले वाढते. म्हणून बाळाचे अवयव स्पष्ट नसतील, दोन्ही बाजूंच्या गोट्या हाताला लागत नसतील किंवा लघवीची जागा भलतीकडे असेल, तर शरमेने झाकून ठेवू नये. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. मुलगा की मुलगी हे नातेवाइकांना सांगायची घाई नको. जन्मनोंदीला एकवीस दिवसांची मुदत असते आणि नाव नंतरही घालता येते.

अशा बाळाचे अवयव 'नीट दिसावेत' म्हणून पूर्वी घाईने शस्त्रक्रिया करीत. मोठेपणी त्या व्यक्तीला शरीराचा तो निर्णय मान्य नसला तर परत फिरता येत नाही. जिवाला धोका नसताना अशी शस्त्रक्रिया करण्यास तमिळनाडू सरकारने २०१९ साली बंदी घातली. माझ्या मते ते योग्यच झाले. लघवी अडत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी थांबावे.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांचे उदाहरण आठवावे. मुलगी म्हणून वाढलेल्या, २०१० मध्ये महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या साळवे यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. शस्त्रक्रियेसाठी रजा मिळावी म्हणून त्यांना न्यायालयापर्यंत जावे लागले. शासनाने परवानगी दिल्यावर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून नोकरीत राहिले. २०२० साली त्यांनी लग्न केले. तिकडे डॉमिनिकन रिपब्लिक देशातील सालिनास या खेड्यात तर मुली म्हणून वाढलेल्या काही मुलांना बाराव्या वर्षाच्या आसपास पुरुषी अवयव फुटत. वर सांगितलेल्या विकराची उणीव हे त्याचे कारण असल्याचे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समजले. त्या गावाने या मुलांसाठी वेगळे नावच ठेवले होते. तेथे कोणी त्यांना गावाबाहेर काढले नाही.

मन काय म्हणते?

तृतीयपंथी म्हणजे जन्मतः अवयवात दोष असलेली माणसे, असे आपल्याकडे बहुतेकांना वाटते. हा समज खरा नाही. भुसावळच्या गाडीत टाळी वाजवत येणाऱ्या, बारशाला नि लग्नाला बधाई मागायला येणाऱ्या बहुतेक जणींची शरीरे जन्मतः सर्वसाधारण पुरुषाची होती. वेगळे होते ते मन. चार-पाच वर्षांचे मूल आपण मुलगा की मुलगी हे पक्के जाणते, कोणी शिकवावे लागत नाही. काहींच्या बाबतीत हे जाणणे शरीराच्या उलट असते. मुलगा म्हणून वाढवलेले मूल आपण मुलगी आहोत असे सांगते आणि मारले तरी त्याचे मत बदलत नाही. मुलगी म्हणून वाढवलेले मूल आपण मुलगा आहोत असे सांगते, असेही होते. पण या दुसऱ्या प्रकाराकडे आपले लक्ष जात नाही, कारण मुलींना घराबाहेर पडायचीच मुभा कमी.

याचे नेमके कारण काय? गर्भावस्थेत मेंदूवर होणारा संप्रेरकांचा परिणाम आणि आनुवंशिकता यांचा त्यात वाटा असावा, असे अभ्यासक मानतात. एकच एक कारण सापडलेले नाही. बहिणींच्यात वाढला म्हणून, आईने लाडाने फ्रॉक घातला म्हणून असे होते, याला मात्र आधार नाही. नाटकात स्त्रीभूमिका करणाऱ्यांची गोष्टही वेगळी. बालगंधर्वांचे बालपणीचे गाणे जळगावात सुरू झाले, शहरात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. त्यांचा शालू पाहून बायका शालू नेसायला शिकल्या म्हणतात. पण रंगभूमीवरून उतरल्यावर ते संसारी गृहस्थच होते. तमाशातील नाच्याचेही तेच. सोंग वेगळे आणि स्वतःची जाणीव वेगळी. तेव्हा गणपतीच्या मेळ्यात मुलाने साडी नेसली म्हणून कोणी घाबरू नये. आणि ज्या मुलाची जाणीवच निराळी आहे त्याची साडी जाळून काही साधेल, असेही समजू नये.

जगाच्या पाठीवर ही माणसे सर्वत्र आहेत. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर मुलगा म्हणून जन्मून बाईच्या रीतीने राहणाऱ्यांना 'फाफाफिने' म्हणतात आणि ते कुटुंबातच राहतात. मेक्सिकोतील झापोतेक समाजात 'मुशे' आहेत. इंडोनेशियातील बुगी लोक स्त्री-पुरुष धरून पाच प्रकार मानतात. आपल्याकडे शिखंडी आणि बृहन्नडा महाभारतात आहेत, अर्धनारीनटेश्वराची आपण पूजा करतो. शेजारच्या गुजरातेत बहुचरा मातेचे आणि दक्षिणेकडे सौंदत्तीच्या यल्लम्माचे स्थान या समाजाला आपले वाटते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अशा आठ प्रकारांची नावे दिली आहेत. चरकाने त्यांना विकृती म्हटले आणि कारणे आईबापाच्या बीजात आणि पूर्वकर्मात शोधली. आज ती कारणे टिकत नाहीत. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला ही माणसे ठाऊक होती, एवढे त्यावरून नक्की कळते. 'हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे' म्हणणाऱ्यांनी ते पान उघडून पाहावे.

पाश्चात्त्यांकडून उलट दुसरेच काही आले. मराठेशाहीत दख्खनमधील हिजड्यांना ठरावीक गावांतून हक्काने दान गोळा करण्याच्या सनदा असत. इंग्रजांनी त्यांचे राज्य बसल्यावर हे हक्क मानायचे नाकारले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भागच या समाजासाठी होता. त्यांच्या याद्या करायच्या, मालमत्तेची नोंद ठेवायची, बाईच्या वेशात नाचले-गायले तर पकडायचे. ज्यांना मान्य असलेली भिक्षा होती त्यांना पोलिसी वहीतले संशयित केले गेले. मुले पळवितात ही अफवा आजही मधूनमधून खेड्यांत उठते, तिचे मूळ त्या काळच्या सरकारी संशयात शोधता येईल.

डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी वाटते ती शरीरावर गुपचूप केलेल्या प्रयोगांची. छाती वाढावी म्हणून औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून दोन-दोन, तीन-तीन घेतल्या जातात. त्यांनी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. सिगारेट ओढणाऱ्याला धोका अधिक. त्याहून भयंकर म्हणजे अर्धवट माहितीच्या माणसाकडून लिंग कापून घेणे. रक्तस्राव, धनुर्वात आणि पुढे लघवीचा मार्ग आखडणे हे त्याचे परिणाम आहेत. ज्यांना शरीर बदलायचे आहे त्यांच्यासाठी आज रीतसर मार्ग आहे. आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणे, मग संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडून रक्त तपासत औषध आणि हवी असल्यास मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया. सर्वांनाच ती हवी असते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगांच्या नव्या यादीत ही अवस्था मानसिक रोगांच्या प्रकरणातून काढून टाकली. ती यादी २०२२ पासून लागू झाली.

ओढ कोणाकडे?

आता तिसरी गोष्ट. एखाद्या पुरुषाला पुरुषाचीच ओढ वाटते, एखाद्या स्त्रीला स्त्रीची, काहींना दोघांची. अशा माणसाचे शरीर सर्वसाधारण असते. तो स्वतःला पुरुषच समजतो, ती स्वतःला स्त्रीच समजते. चालण्या-बोलण्यावरून ओळखता येत नाही. तुमच्या गल्लीतील पैलवान किंवा दोन लेकरांची आईही समलिंगी असू शकते.

मराठी माणसाने या विषयावर उघड बोलायला फार पूर्वी सुरुवात केली होती. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे हेच मुळी अश्लील कसे ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. समलिंगी ओढ ही काहींची जन्मजात प्रवृत्ती असते या हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. सरकारी, निमसरकारी कोणाचा पाठिंबा नसताना वाचकाच्या पत्राला सरळ उत्तर दिल्याबद्दलचा तो दंड होता. आरोग्याचे सदर लिहिणाऱ्या कोणालाही तो विसरता येणार नाही.

त्यानंतर शास्त्र पुढे गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी वगळले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा रोग नाही असे स्पष्ट केले आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले. इंग्रजांनी १८६० साली केलेले ते कलम. लग्नाला मात्र २०२३ च्या निकालात न्यायालयाने मान्यता दिली नाही. कारणांविषयी म्हणाल तर, सारख्या जुळ्यांपैकी एक समलिंगी असेल तर दुसराही असण्याची शक्यता साध्या भावंडांपेक्षा जास्त असते, पण तो असतोच असे नाही. जवळजवळ पाच लाख लोकांची जनुके तपासणारे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 'समलिंगी जनुक' म्हणून एकच जनुक सापडले नाही, पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा आढळला. उंचीसारखेच म्हणा ना.

आमच्या धंद्यातही या बाबतीत उशीर झाला. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत समलिंगी संबंध कित्येक वर्षे गुन्ह्यांच्या प्रकरणात शिकवले गेले. ते वाचून डॉक्टर झालेले लोक विजेचे झटके, गुंगीची औषधे, संमोहन यांनी 'बरे करतो' म्हणत. अशा उपचारांनी ओढ बदलते याला पुरावा नाही. निराशा वाढते, आत्महत्येचे विचार येतात, याला मात्र पुरावा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा उपचार करणे हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. तेव्हा मुलाला 'सुधारून देतो' असे सांगून कोणी हजारो रुपयांचा कोर्स देऊ लागला तर त्याला हा निर्णय दाखवावा आणि उठावे.

आपल्या भागातील सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे लग्न. मुलगा लग्नाला टाळाटाळ करतो, मित्रातच रमतो, अशी कुणकुण लागली की घरचे दोन महिन्यांत सोयरीक उरकतात. पुढची हकिकत डॉक्टरांच्या कानावर पडते ती सुनेच्या तोंडून. डोकेदुखी, झोप नाही, धडधड, आणि तपासात काहीच सापडत नाही. मग खोदून विचारल्यावर कळते की, लग्नाला दीड वर्ष झाले आणि नवरा अंगाला हात लावत नाही. तिला वाटते आपल्यातच खोट आहे. त्याला घरी सांगता येत नाही, तो रात्री-अपरात्री बाहेर असतो. चोरटे संबंध घाईत होतात आणि घाईत निरोध वापरला जात नाही. मग एचआयव्ही किंवा गुप्तरोग त्या निरपराध बाईच्या अंगी येतो. मुलीच्या बाबतीत उलटी तऱ्हा. तिला विचारतच नाहीत आणि तिच्यावर रोज जे घडते त्याला कोणी नाव देत नाही. ज्याला लग्न नको आहे त्याला ते करायला लावू नये, एवढे केले तरी दोन घरे वाचतात.

मुलाने किंवा मुलीने धीर करून घरात सांगितले तर काय करावे? आधी पूर्ण ऐकावे. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य त्या दिवशी तरी तोंडातून काढू नये. शपथा घालू नयेत, मोबाइल हिसकावू नये, भगताकडे नेऊ नये. तुम्हाला समजायला वेळ लागेल हे मुलाला सांगितले तरी चालते, त्यात कमीपणा नाही. ज्या घरात अशा मुलाला सांभाळून घेतले जाते तेथे आत्महत्येचा धोका पुष्कळ कमी होतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. मूल जेवेनासे झाले, अभ्यास सोडला, मरणाची भाषा करू लागले तर थांबू नये. १४४१६ हा शासनाचा मानसिक आरोग्याचा फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला. त्यावर पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

शारीरिक तपासणीसाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे स्त्रीरोग, बालरोग आणि मानसोपचार हे तिन्ही विभाग आहेत. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत आणि गुप्त होते. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी बहुधा रक्ताचा नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवला जातो आणि अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. जाताना जन्माच्या वेळचे कागद आणि लहानपणी हर्नियाची किंवा दुसरी काही शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा कागद बरोबर न्यावा. तपासणीच्या खोलीत आत्या-काकांची गर्दी नको. आईला किंवा रुग्ण सांगेल त्या एकाच माणसाला थांबू द्यावे, आणि सज्ञान रुग्णाचा अहवाल आधी त्याच्याच हाती द्यावा असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.